रुपयांची पेरणी

देवदत्त घैसास क्लबचा अध्यक्ष झाला यात त्याची चूक म्हणाल तर एवढीच, की त्या दिवशी मीटिंगला साठीच्या आतला तो एकटाच होता. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या शेजारी एल्म रिज नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या लायब्ररीच्या तळघरात 'प्रेअरी कॉइन अँड रेलिक क्लब'ची मंडळी महिन्यातून एकदा जमत. मेटल डिटेक्टर घेऊन मैदानं आणि जुनी शेतं पालथी घालायची, जमिनीतून नाणी, बटणं, घोड्याचे नाल असलं काहीबाही काढायचं, मग ते मखमलीच्या तुकड्यावर मांडून एकमेकांना दाखवायचं आणि 'वा' म्हणायचं, असा हा छंद. देवदत्त तिथे गेला होता तो गराज सेलमध्ये घेतलेल्या आपल्या मशीनचं कोकलणं कसं थांबवायचं हे विचारायला. बोलण्याच्या ओघात त्याने इमेलला फाइल जोडता येते असं सांगितलं आणि तो सेक्रेटरी झाला. पुढे जुने अध्यक्ष थंडीला कंटाळून ॲरिझोनाला राहायला गेले, तेव्हा क्लबचे संस्थापक वॉल्टर क्लाइन यांनी देवदत्तकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. लोकशाहीत एवढं पुरतं.

घरी त्याने ही बातमी पदाला शोभेल अशा बेताने, सावकाश सांगितली. बायको ज्ञानदा कणीक मळत होती. तिने एवढंच विचारलं, की आता शनिवारचं लॉन कोण कापणार. शेजारच्या टाउनहाउसमधल्या रवींद्रने मात्र बातमी मनावर घेतली. रवींद्र मूळचा मुंबईचा आणि सल्ला देण्यासाठी त्याला विषय कळायची गरज पडत नसे. त्याने त्याच संध्याकाळी क्लबचे टी-शर्ट छाप, वेबसाइट काढ, स्पॉन्सर पकड, अशा तीन सूचना केल्या आणि जाताना देवदत्तचं फावडं उसनं नेलं.

अध्यक्षाला वर्षभर काम असं काही नसतं. एकच मोठी जबाबदारी असते, ती म्हणजे सप्टेंबरमधली 'सीडेड हंट'. आदल्या दिवशी क्लबने एखाद्या मैदानात जुनी नाणी पुरायची, दुसऱ्या दिवशी गावोगावच्या लोकांनी फी भरून यायचं आणि ती शोधून काढायची. आपणच पुरायचं आणि आपणच आनंदाने काढायचं, ही कल्पना देवदत्तला पहिल्यांदा ऐकताना जरा पोरकट वाटली होती. पण अध्यक्ष झाल्यावर तिच्यातलं गांभीर्य त्याच्या लक्षात आलं. मनातल्या मनात तो या प्रकाराला 'पेरणी' म्हणत असे. गेली दोन वर्षं पेरणीला येणारी माणसं कमी कमी होत होती. २००४ साली काहीतरी वेगळं केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

हे वेगळं काहीतरी त्याच्याच घरात, गेस्ट रूमच्या कपाटात, एका कापडी पिशवीत होतं.

ती पिशवी आणली होती ज्ञानदाच्या वडिलांनी. राजाराम पांढरीपांडे नागपूरचे, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी कालवे आखले होते. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बॅकयार्डचा उतार तपासला आणि बिल्डरने तो उलटा काढल्याचं जाहीर केलं. मराठी मंडळाच्या नवरात्रात बायका एकमेकींच्या ओटीत क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, घालतात, असं ज्ञानदा एकदा फोनवर सहज बोलून गेली होती. ते ऐकून त्यांना फार वाईट वाटलं होतं. म्हणून येताना बँकेतून एक-एक रुपयाची कोरी करकरीत नाणी ते पिशवीभर घेऊन आले. पिशवी इतकी जड, की विमानतळावर तिच्यासाठी दोन अधिकारी बोलवावे लागले.

जावयाची अडचण ऐकून राजाराम म्हणाले, हीच नाणी पेरा. सापडेल त्याने रुपया जमा करायचा आणि बक्षीस न्यायचं. नाणी परत पिशवीत येतील, नवरात्राला अजून अवकाश आहे, देवीची नाणी देवीला पोचतील. योजनेत कुठेही भोक नव्हतं. ज्ञानदाने थोडे आढेवेढे घेतले, कारण मंडळाच्या सुलभाताईंना तिने ही नाणी कबूल केली होती. पण वडिलांचा उत्साह बघून ती गप्प बसली. आल्यापासून ते पहिल्यांदाच उतार सोडून दुसऱ्या विषयावर बोलत होते.

वॉल्टरला कल्पना इतकी आवडली, की त्याने आजूबाजूच्या सगळ्या क्लबांना 'महाराजांचा खजिना' अशी जाहिरात पाठवून दिली. देवदत्तने नम्रपणे सांगून पाहिलं, की ही नाणी गेल्या वर्षीची आहेत आणि भारतात आता प्रजासत्ताक आहे. वॉल्टर म्हणाला, प्रजासत्ताकासाठी विस्कॉन्सिनहून कोणी गाडी हाकत येत नाही.

परवानगी हा पुढचा टप्पा. देवदत्तने एल्म रिजच्या पार्क ऑफिसला फोन केला आणि मैदानात काही पुरायचं आहे असं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी आवाज मऊ करून फोन दफनभूमीच्या ऑफिसला जोडून दिला. तिथल्या गृहस्थांनी आधी सांत्वन केलं आणि मग दोन जागा शेजारी-शेजारी घेतल्या तर स्वस्त पडतील, हेही सुचवलं. दुसऱ्या दिवशी देवदत्तने 'पुरणं' हा शब्द कटाक्षाने टाळला आणि 'सीड' आणि 'कॉइन' हे दोन शब्द वापरले. इलिनॉयमध्ये हे दोन शब्द घाईने पाठोपाठ म्हटले तर ऐकणाऱ्याला 'कॉर्न'च ऐकू येतो. बाईंनी स्पष्ट सांगितलं, की सॉकरच्या मैदानात मका लावता येणार नाही, आणि सार्वजनिक वाफ्यांना वेटिंग लिस्ट आहे. शेवटी तो समक्ष गेला. बाई हसल्या, परवानगी दिली. अटी दोनच होत्या. प्रत्येक खड्डा बुजवायचा, आणि जमिनीत जे जे घालाल ते ते सगळं बाहेर काढायचं. दुसरी अट वाचून देवदत्तही हसला. काढायलाच तर लोक येणार होते.

शुक्रवारी संध्याकाळी पेरणी झाली. मैदानाच्या एका अंगाला वॉल्टर आणि मंडळींनी क्लबची जुनी चांदीची आणि तांब्याची नाणी पेरली. दुसरं अंग सासरे-जावयाकडे. राजाराम पांढरी पँट, स्पोर्ट्स शूज आणि माकडटोपी अशा पोशाखात टेप घेऊन आले होते. सप्टेंबरचं ऊन होतं, तरी माकडटोपी. कारण वारा. गोलपोस्टच्या डाव्या खांबावर हात ठेवून त्यांनी जावयाला सांगितलं, की आखणीत सगळं काही बेंचमार्कवर, म्हणजे मोजणीच्या पहिल्या खुणेवर असतं. बेंचमार्क पक्का तर कालवा पक्का. मग त्या खांबापासून ओळी मोजत ते पुढे आणि स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून, रुपया आत सरकवून, टाचेने माती दाबत देवदत्त मागे, असं काम सुरू झालं. वॉल्टरची माणसं केव्हाच घरी गेली. हे दोघे सरळ रेषेचा आग्रह धरून राहिले.

अंधारायच्या सुमारास पोलिसांची गाडी आली. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी फोन केला होता, की दोन माणसं मैदानात मोजमाप करून धातूचं काहीतरी पुरताहेत. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवसच असे होते, की देवदत्तची बोबडी वळली. नऊ वर्षं अस्खलित बोललेलं इंग्रजी त्याला सोडून गेलं. पोलिसाच्या प्रत्येक प्रश्नाला तो परमिट पुढे करून 'हॉबी, हॉबी' एवढंच म्हणत राहिला. राजाराम मात्र बिलकुल डगमगले नाहीत. सरकारी नोकर म्हणजे त्यांच्या लेखी जगात कुठलाही असला तरी आपल्याच खात्यातला. त्यांनी पोलिसाला नोकरी किती झाली, पेन्शन आहे का, बदली कुठे कुठे होते, हे विचारलं आणि डब्यातला चिवडा दिला. जाताना पोलीस म्हणाला, की त्याच्या वडिलांचं एक मशीन घरी पडून आहे, उद्या तोही येईल.

रवींद्रला हे कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "यार, तुझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे आणि तू पोलिसाला चिवडा खिलवतोस?"

शनिवारी मैदान फुललं. गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. देवदत्तने शिट्टी फुंकली आणि कानाला हेडफोन लावलेली माणसं मशीनं झुलवत पुढे सरकली. वॉल्टरच्या अंगाला लगेच टिवटिवाट सुरू झाला. कोणी गुडघ्यावर बसलं, कोणी नाणं उंच धरून दाखवलं. खजिन्याच्या अंगाला शांतता होती. माणसं इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. दुपारपर्यंत त्या भागातून एक चमचा आणि कोकच्या डब्यांची काही झाकणं निघाली. रुपया एकही नाही. विस्कॉन्सिनहून आलेलं जोडपं 'हॅव अ गुड डे' न म्हणता निघून गेलं. अमेरिकेत ही फार जहाल भाषा समजली जाते.

कोणी काही बोललं नाही, म्हणजे सगळेच बोलत होते, फक्त देवदत्त जवळ आला की थांबत होते. वॉल्टरने खासगीत, अगदी आदराने विचारलं, की भारतात पुरायची काही वेगळी पद्धत असते का. मग कोणीतरी म्हणालं, नाणी पुरलीच आहेत कशावरून? देवदत्तला एकदम आठवण झाली. साक्षीदार होता. त्याने मोठ्या आशेने पोलिसाला पुढे आणलं. पोलीस प्रामाणिक माणूस होता. तो म्हणाला, "मी या दोघांना खणताना पाहिलं, हे नक्की. पुरत होते की काढत होते, ते मी सांगू शकत नाही."

परतताना गाडीत राजाराम बराच वेळ खिडकीबाहेर मक्याची शेतं पाहत होते. मग म्हणाले, "देवदत्तराव, माझ्या हातून आयुष्यात सिमेंटची एक गोणी इकडची तिकडे झाली नाही." देवदत्तने एसी वाढवला.

घरी येऊन त्याने त्याच पिशवीतला, देव्हाऱ्यात ठेवलेला एक रुपया उचलला, गालिच्यावर ठेवला आणि वरून मशीन फिरवलं. मशीन गप्प. खाली वाकून अगदी टेकवलं, तरी गप्प. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपला रुपया स्टीलचा, म्हणजे जातीने लोखंडाचा. इकडच्या जुन्या शेतांत खिळ्यांचा सुळसुळाट, म्हणून लोखंड लागलं तर बोलू नकोस, असं प्रत्येकाने आपापल्या मशीनला बजावून ठेवलेलं असतं. त्याने ते बटण फिरवलं. मशीनने रुपयाच्या नावाने बोंब ठोकली. देवदत्तला इतकं हायसं वाटलं, की सासऱ्यांना हाक मारून त्याने ती बोंब पुन्हा पुन्हा ऐकवली. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की आपण निर्दोष असलो तरी रुपये जमिनीतच आहेत.

सोमवारी पार्क ऑफिसच्या बाईंचा फोन आला. येत्या शनिवारपासून मुलांचे सॉकरचे सामने सुरू होणार होते. शुक्रवारपर्यंत सगळी नाणी निघाली नाहीत, तर क्लबला गावातली सगळी मैदानं कायमची बंद. वॉल्टरने हे ऐकून खुर्चीत बसून घेतलं. गेल्या वर्षी बायको गेल्यापासून त्याचे शनिवार या मैदानांवरच जात होते. तो देवदत्तला काही लागेल असं बोलला नाही, आणि तेच देवदत्तला जास्त लागलं.

त्याच दिवशी सुलभाताईंचाही फोन आला. ओटीची पाकिटं भरायला घ्यायची होती, नाणी कधी मिळतील? ज्ञानदाने नाणी सेफ जागी आहेत असं सांगितलं. जागा किती सेफ आहे ते रवींद्रने त्यांना दुसऱ्या दिवशी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात सविस्तर सांगितलं. सुलभाताईंचा पुन्हा फोन आला, तेव्हा ज्ञानदाने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता, तरी स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू येत होतं. लक्ष्मी मातीत पुरली, आणि वर आता पोरं बूट घालून नाचणार.

मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून देवदत्त सासऱ्यांना घेऊन मैदानावर पोचला. राजारामांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं होतं. त्यांना ओळी पाठ होत्या. खांबापासून मोजलं की झालं. ते टेप घेऊन ताठ चालत गोलपोस्टपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. बराच वेळ झाला तरी हलेनात, म्हणून देवदत्त जवळ गेला.

"याला चाकं आहेत," राजाराम म्हणाले.

सामन्यांसाठी सोमवारीच पार्कच्या माणसांनी गोलपोस्ट ढकलत कुठच्या कुठे नेलं होतं. ज्याच्यावर भिस्त ठेवावी अशा वस्तूला या देशात चाकं लावतात, हा धक्का त्या वयात पचवणं सोपं नव्हतं. देवदत्तने त्यांना बाकावर बसवून थर्मासमधला चहा दिला. दोघेही काही न बोलता चहा प्यायले. सासरा आणि जावई यांच्यात इतकी जवळीक लग्नानंतर प्रथमच निर्माण झाली होती.

मग बटण फिरवून अख्खं अंग हुडकायला सुरुवात झाली. क्लबचे लोक मदतीला आले, कारण मैदानं गेली तर सगळ्यांचीच जाणार होती. पण लोखंड ऐकायचं ठरवल्यावर ती जमीन जी बोलायला लागली, ती थांबेचना. वॉल्टरला आठवलं, की त्याच्या लहानपणी इथे घोड्यांचा मोठा तबेला होता आणि तो जळाला होता. तबेल्याचा एकूण एक खिळा जमिनीत शिल्लक होता. मंगळवारी खिळे निघाले, बुधवारी खिळे निघाले, सोबत एक बिजागरी आणि मूठभर रुपये. देवदत्तच्या कमरेने संप पुकारला. खिळ्यांचा ढीग मात्र असा झाला, की त्यात एक छोटा तबेला पुन्हा बांधून झाला असता.

गुरुवारी ज्ञानदा चहा आणि सँडविच घेऊन आली. बरोबर सुलभाताई होत्या, लक्ष्मीची अवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला. देवदत्त एका खड्ड्यात निम्मा शिरलेला होता. मशीन आणि हेडफोन जरा धर, असं त्याने बायकोला सांगितलं. दुसऱ्या हातात थर्मास होता, म्हणून ज्ञानदाने हेडफोन सरळ कानाला लावला आणि मशीन ओढत दोन पावलं गेली. थांबली. मागे आली. पुन्हा पुढे गेली.

"तू खणतोयस तो खिळा आहे," ती म्हणाली. "नको खणूस."

देवदत्त तीन दिवस ही विद्या करत होता. तो शांतपणे खणत राहिला आणि खिळा निघाला. ज्ञानदाने पुढच्या जागी मशीन फिरवून तोही खिळाच असल्याचं सांगितलं. तोही निघाला. तिसऱ्या जागी ती जरा रेंगाळली, मशीन दोनदा झुलवलं आणि म्हणाली, "हा रुपया." देवदत्तने खणलं. मातीतून तीन सिंहांनी वर पाहिलं.

तो म्हणाला, योगायोग. आणखी दोन योगायोग झाल्यावर तो नुसतं खणू लागला.

ज्ञानदा लहानपणापासून लग्न होईपर्यंत गाणं शिकली होती. नेपरव्हिलला आल्यावर ते मागे पडलं, एवढंच. तिने सगळ्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की खिळ्याचा आवाज तुटक येतो, मध्येच चिरकतो, आणि रुपयाचा गोल येतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. वॉल्टरने हेडफोन लावून मन लावून ऐकलं आणि कबूल केलं, की त्याला दोन्ही सारखेच वाटतात. क्लबातल्या बहुतेकांना कानात यंत्र घातल्याशिवाय टीव्हीदेखील ऐकू येत नसे. इतकी वर्षं ही मंडळी हेडफोन लावून नेमकं काय ऐकत होती, हा प्रश्न देवदत्तला पडला, पण अध्यक्षाने असे प्रश्न विचारायचे नसतात.

शुक्रवारी ज्ञानदाने सुट्टी टाकली. ती मशीन घेऊन पुढे आणि फावडी घेतलेले क्लबचे ज्येष्ठ नागरिक मागे, अशी मिरवणूक दिवसभर मैदानावर फिरली. ती बोट दाखवी, तिथे दोघेतिघे गुडघ्यावर बसत. बाहेर आलेला प्रत्येक रुपया सुलभाताई ओल्या फडक्याने पुसून, कपाळाला लावून पिशवीत टाकत होत्या. अर्ध्या अंगाचं काम झाल्यावर राजारामांना सापडलेल्या रुपयांवरून आपल्या ओळी पुन्हा दिसायला लागल्या. त्यांनी टेप ओढून बाकीच्यांची दिशा सांगितली, आणि रुपये रेषेत निघू लागले. वॉल्टरने त्यांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, की इतकी सरळ पेरणी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. राजारामांनी माकडटोपी काढून केस नीट केले. ऊन उतरता उतरता शेवटचा रुपया पिशवीत पडला. पार्कच्या बाई आल्या, बुजवलेले खड्डे त्यांनी बुटाने दाबून पाहिले आणि मैदानं उघडी राहतील असं सांगून गेल्या.

ऑक्टोबरच्या मीटिंगला देवदत्तने राजीनामा द्यायचं ठरवलं. द्यायचा म्हणजे मागे घेण्यासाठी द्यायचा. झाल्या प्रकाराची नैतिक जबाबदारी, क्लबवरचं प्रेम, मोठ्या मनाने बाजूला होणं, असे टप्पे त्याने आखले होते, आणि कुठे थांबलं की लोक 'नाही, नाही' म्हणतील, तेही हेरून ठेवलं होतं. पहिल्या थांब्याला तो थांबला.

"अनुमोदन," वॉल्टर म्हणाला.

ज्ञानदा त्या दिवशी फक्त मंडळींची उसनी आणलेली फावडी परत करायला आली होती. ती दारातच होती, तेव्हा कोणीतरी तिचं नाव सुचवलं. सगळे हात वर गेले. तिने सांगितलं, की माझ्याकडे मशीनसुद्धा नाही. वॉल्टर म्हणाला, ते देवदत्तकडे आहे.

घरी परतताना गाडी ज्ञानदा चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "तुला वाईट वाटलं का रे?"

"छे," देवदत्त म्हणाला. ज्या स्वरात म्हणाला, तो ओळखायला गाण्याच्या क्लासची गरज नव्हती.

"मग शनिवारी जुन्या शाळेमागच्या शेतात ये माझ्याबरोबर. मला खणायला जमत नाही, नखांत माती जाते."

तो 'बघू' म्हणाला. शनिवारी तो लॉन न कापताच निघाला, हेही खरं. शेतात मका कापून झाला होता, खुंट पायाला टोचत होते. ज्ञानदा हेडफोन लावून पुढे चालत होती, देवदत्त फावडं खांद्यावर टाकून मागे. एका जागी ती थांबली, मशीन झुलवलं, भुवया वर गेल्या. असा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता, असं ती म्हणाली. रुपयापेक्षा गोल. तिने बोट दाखवलं.

देवदत्त गुडघ्यावर बसला. एक ढेकूळ निघालं, दुसरं निघालं, आणि मग काहीतरी थंड आणि चपटं त्याच्या बोटांना लागलं. त्याने ते मुठीत घेतलं, अंगठ्याने माती जराशी पुसली आणि बोटांच्या फटीतून पाहिलं.

"काय आहे?" ज्ञानदाने हेडफोन काढून विचारलं.

तेव्हा देवदत्तच्या लक्षात आलं, की आवाज कोणालाही आधी ऐकू येवो, वस्तू आधी दिसते ती खणणाऱ्यालाच. त्याने मूठ घट्ट मिटली, सावकाश उठला, गुडघे झटकले, आणि अध्यक्षांना थोडा वेळ थांबायला लावलं.